हातात किती पडले?

प्रश्न : ताई, मी मिरजेत एका हायस्कुलात गणित शिकवते. वय 54. दिवाळीच्या सुट्टीत एकटीच व्हिएतनामला निघाले आहे. यजमानांना विमानाची धास्ती, मैत्रिणींना नातवंडं. सोबतीची वाट बघत बसले असते तर रिटायरच झाले असते. जाताना मुंबई ते हनोई आणि येताना हो ची मिन्ह सिटीहून मुंबई, अशी तिकिटं काढून झाली. मुक्काम नऊ रात्रींचा. तिकिटाखेरीज 90 हजार रुपये बाजूला ठेवलेत, त्यातले निम्मे घरात रोख आहेत. मुलगा म्हणतो, कार्ड ने, रोख कशाला मिरवतेस? थोरल्या जाऊबाई म्हणतात, मुंबईतच तिथले पैसे घेऊन टाक, तिकडे फसवतात. कोणाचं ऐकू? आणि 90 हजार पुरतील का?
एक शिक्षिका, मिरज

उत्तर : शिक्षिका आहात म्हणून 'बाई'च म्हणते. तर बाई, मुलाचं अर्धं ऐका, जाऊबाईंचं मात्र अजिबात ऐकू नका.

बँकेतल्या 31 वर्षांपैकी 22 वर्षं मी परकीय चलनाच्या काउंटरवर बसले. काचेपलीकडून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "मॅडम, आज रेट काय?" रेट सांगायला कोणाचं काय जातं? एक जण रेट चांगला सांगतो आणि सर्व्हिस चार्ज लावतो. दुसरा 'झिरो कमिशन'ची पाटी लावतो आणि रेटमध्येच कापून घेतो. म्हणून कुठेही गेलात तरी एकच विचारा : माझे एकूण किती रुपये जाणार आणि माझ्या हातात किती पडणार? दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा. भागाकार तुम्हाला मी शिकवायला नको.

आता जाऊबाईंच्या सल्ल्याचा हिशोब मांडते. आकडे समजायला सोपे पडावेत असे घेतलेत, तुम्ही जाल त्या दिवशीचे तुम्ही घाला. समजा बाजारात डॉलर 88 रुपयांवर आहे आणि काउंटर तो तुम्हाला 89.50 ला विकतो. 300 डॉलरचे झाले 26,850. त्यावर जीएसटी लागतो, पण संपूर्ण रकमेवर नाही, एवढं बघून घाबरू नका. लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा 1 टक्का हे 'मूल्य' धरतात, कमीत कमी 250 रुपये, आणि त्या मूल्यावर 18 टक्के. म्हणजे इथे 48 रुपये. एकूण गेले 26,898. हनोईत त्या 300 डॉलरचे 26,200 च्या भावाने पडले 78 लाख 60 हजार डाँग, म्हणजे तिथलं चलन. रुपयाला 292.

तेच डाँग मुंबईत घ्यायला गेलात तर? डाँग इथे फारसं कोणी मागत नाही, त्यामुळे काउंटरवाल्यालाही ते कुठून तरी मागवावे लागतात आणि उरलेले अंगावर पडायची भीती असते. ती भीती तो तुमच्याकडून वसूल करतो. 100 डाँगला 38 पैसे असा भाव लावला, तर त्याच 26,850 रुपयांचे 70 लाख 65 हजार डाँग येतात. फरक जवळपास 8 लाखांचा. लाख ऐकून दचकू नका, आपल्या पैशात ते 2,700 रुपये. पण हनोईच्या जुन्या भागात तेवढ्यात एका रात्रीची चांगली खोली मिळते, सकाळच्या नाश्त्यासकट.

तेव्हा इथून डॉलर घ्या आणि तिथे मोडा. 400 डॉलर पुरेत, सगळ्या शंभराच्या नोटा. विसाच्या, दहाच्या नोटांना तिकडे भाव कमी देतात. 400 डॉलरचे वरच्या भावाने 36 हजारांच्या आत होतील, त्यामुळे घरातली रोख चालेल. 50 हजार रुपयांच्या वरचं चलन रोखीने घेता येत नाही, चेकने किंवा कार्डाने पैसे द्यावे लागतात, ती वेळ तुमच्यावर येत नाही. पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट बरोबर न्या आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. उरलेले डॉलर परत विकताना ती लागते. निघायच्या आठवडाभर आधी घ्या. फार आधी घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. चलन घेतल्यापासून 60 दिवसांत वापरलं नाही तर परत करावं, असा नियमही आहे.

नोटा हातात आल्या की तिथेच काउंटरवर एकेक उजेडात धरून बघा. घडी, शाई, टाचणीचं भोक, काही चालत नाही. आता हसू नका, पण हे मी स्वतः, 22 वर्षं दुसऱ्यांच्या नोटा परत करणारी बाई, चुकले. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चौरंगावर सोन्याच्या डबीशेजारी दोन शंभराच्या डॉलरच्या नोटा ठेवल्या. पुढे मार्चमध्ये मला जायचं होतं, मनात आलं, जाऊ दे, ही पण लक्ष्मीच. हनोईत त्यातली एक काउंटरवर सरकवली. पलीकडच्या मुलीने ती भिंगाखाली धरली, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे परत ढकलली. कोपऱ्यात मोहरीएवढा कुंकवाचा ठिपका. मी खाणाखुणांनी पूजा समजावून सांगू लागले तर मागची रांग खोळंबली. पुढे एका बँकेच्या शाखेत तीच नोट घेतली, पण भाव कमी लावून. यंदा पूजेला फक्त रुपये ठेवा.

तिथे मोडायचे कुठे? नॉय बाई विमानतळावर उतरल्यावर एकच 100 डॉलर मोडा. मी गेले तेव्हा शहरातल्या आणि तिथल्या भावात फारसा फरक नव्हता, आपल्या विमानतळांसारखी लूट नव्हती. बाकीचे शहरात बँकेत किंवा परवाना असलेल्या दुकानात. हनोईतला 'हा ट्रुंग' नावाचा सोनारांचा रस्ता डॉलर मोडण्यासाठी जुना प्रसिद्ध आहे आणि भावही बरा असतो, पण परवान्याची पाटी बघूनच आत जा. हे उगाच सांगत नाही. 2018 मध्ये व्हिएतनामच्या दक्षिणेकडच्या कॅन थो शहरात एका इलेक्ट्रिशियनने परवाना नसलेल्या सोनाराकडे फक्त 100 डॉलर मोडले आणि त्याला 9 कोटी डाँग दंड ठोठावला गेला. शंभराला जवळजवळ चार हजार डॉलर! गरीब माणूस म्हणून पुढे तो माफ झाला. तुमच्याआमच्यासाठी एवढा सोपस्कार कोण करणार?

आता त्या लाखांचं. रुपयाला 300 च्या आतबाहेर डाँग मिळतात, त्यामुळे पहिले दोन दिवस डोकं गरगरतं. माझी रीत अशी : मागची तीन शून्यं खोडायची, उरेल त्याची तिप्पट करायची आणि तिपटीचा दहावा हिस्सा वर टाकायचा. फोचा, म्हणजे तिथल्या नूडल्सच्या सूपचा, बाउल 60 हजार. साठ, तिप्पट 180, वर 18, म्हणजे 198 रुपये. मेनूवर बऱ्याचदा '60 के' किंवा नुसतेच '60' लिहिलेलं असतं. साठ डाँगला जेवण मिळतंय म्हणून आनंदून जाऊ नका. तुम्ही शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द पाठ करा. आपला पिण्याचा चहा नव्हे. त्यांच्या भाषेत चाय म्हणजे शाकाहारी. फो चाय मागितलं की टोफू आणि अळंबी घातलेलं येतं. पाटीवर 'चाय' दिसलं की आत शिरायचं.

नोटा ओळखायला मात्र बसून शिका, हॉटेलच्या खोलीत, पलंगावर पसरून. सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह यांचंच चित्र, आणि मोठ्या नोटा गुळगुळीत प्लॅस्टिकच्या, एकीला एक चिकटणाऱ्या. नाणी व्यवहारात नाहीतच. घात करतात त्या दोन निळ्या : 20 हजारांची आणि 5 लाखांची. जुन्या भागात एक खांद्यावर कावड घेतलेली बाई अननसाचे तुकडे विकत होती. मी 20 हजार समजून एक निळी नोट दिली, पिशवी घेतली, निघाले. पाचसात पावलांवर मागून हाक आली. कावड रस्त्यात टेकवून ती बाई आली, माझ्याच हातातल्या नोटांमधून 20 हजारांची काढली, माझी 5 लाखांची तिच्याशेजारी धरली आणि नखाने एकेक शून्य मोजून दाखवलं. मग मोठी नोट माझ्या मुठीत कोंबून हसत निघून गेली. सोळाशे रुपयांचा अननस झाला असता. तेव्हापासून मी 5 लाखांच्या नोटा पर्समध्ये ठेवतच नाही, वेगळ्या पाकिटात ठेवते. चित्रंही बघून ठेवा : 20 हजारांवर होई आन या जुन्या गावातला छत असलेला जपानी पूल आहे, तिथे गेलात की तो प्रत्यक्ष बघालच. 5 लाखांवर हो ची मिन्ह यांचं गावाकडचं घर आहे, आणि ती नोट जराशी लांब आहे.

आता चिरंजीवांचं अर्धं बरोबर ते हे : कार्ड हवंच. एक नाही, दोन, दोन वेगळ्या बँकांची. एक पर्समध्ये, दुसरं बॅगेच्या तळाशी. कार्डाचा परदेशी वापर बहुधा बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. हे मिरजेतच करा. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड, घ्यायचा आग्रह होईल, पण त्यात बहुतेक वेळा डाँग नसतात. डॉलर भरलेलं कार्ड तिथे घासलं की डॉलरचे डाँग करताना पुन्हा तीनसाडेतीन टक्के जातात. त्यापेक्षा ज्या कार्डाला परदेशी वापरावर मार्कअप, म्हणजे बँकेचा टक्केवारीतला जादा आकार, नाही किंवा अगदी कमी आहे, असं एखादं तुमच्या किंवा मुलाच्या बँकेत मिळतंय का ते बघा.

एटीएमचाही एक हिशोब देते, म्हणजे थोडे थोडे काढायचा मोह होणार नाही. 30 लाख डाँग काढले, म्हणजे बाजारभावाने 10,037 रुपये. आपल्या बँकेचा मार्कअप साडेतीन टक्के धरला तर 351, त्यावर जीएसटी 63. परदेशात पैसे काढल्याचे 150 आणि त्याचा जीएसटी, झाले 177. तिथल्या बँकेने 50 हजार डाँग कापले तर ते 167. एकंदर 758 रुपये, साडेसात टक्के! यातले 344 रुपये तुम्ही 10 लाख काढलेत तरी जाणार आणि 50 लाख काढलेत तरी तेवढेच. काढायचेच तर एकदाच, जास्तीत जास्त निघतील तेवढे.

आणि मशीनने विचारलं, रुपयांत की डाँगमध्ये, तर डाँग. दुकानात, हॉटेलात, एटीएममध्ये, कुठेही. रुपयांतला आकडा ओळखीचा वाटतो म्हणून बोट तिकडेच जातं. मीही एकदा दमलेली असताना सैगॉनच्या, म्हणजे तुमच्या हो ची मिन्ह सिटीच्या, हॉटेलात रुपये दाबले. बिल 24 लाख डाँगचं. आठ हजारांच्या जागी साडेआठ हजार गेले. रिसेप्शनवरच्या पोराने मशीन फिरवून समोर धरलं, पाठीमागे टॅक्सीवाला हॉर्न देत होता, आणि जी गोष्ट मी शेकडो लोकांना बजावून सांगितली ती मीच विसरले. (मुलांना अजून सांगितलेलं नाही. या अंकात वाचतील.)

आता 90 हजार. एकट्या माणसाचं बजेट चुकतं ते खोलीत. ओळखीचे जोडीने जाऊन आलेले सांगतात, "आम्हाला रात्रीचे अकराशेच पडले," कारण 2,200 ची खोली दोघांत वाटली गेली. तुम्हाला पूर्ण 2,200 ते 2,400 द्यायचे आहेत. टॅक्सीही पूर्ण, 'हा लाँग बे' या उपसागरातल्या बोटीवर कधी कधी एकट्याचा जादा आकार. 2,300 प्रमाणे नऊ रात्रींचे 20,700 धरा. हनोईहून होई आनजवळचं दा नांग आणि दा नांगहून सैगॉन ही दोन विमानं सामान धरून 9 हजार. खाणं रोज बाराशे, दहा दिवसांचे 12 हजार, यात कॉफी आली. अंड्याची कॉफी प्या, नाव ऐकून नाक मुरडू नका. अंडं चालत नसेल तर नारळाची. शहरातली ये-जा रोज पाचशे. ॲपवरची दुचाकी टॅक्सी घ्यायचा धीर झाला तर याच्या निम्म्यात भागेल. मला दुसऱ्या दिवशी झाला. 'हा लाँग'ची दिवसाची सहल साडेचार हजार. प्रवेश तिकिटांचे 3 हजार. होई आनच्या जुन्या गावाचंच परदेशी माणसाला 1 लाख 20 हजार डाँग पडतं, त्यात पाच वास्तू बघता येतात. फोनचं ई-सिम 800, विमा दीड हजार, व्हिसा 25 डॉलर म्हणजे 2,250. व्हिसाच्या सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' असतं. तशाच रंगाच्या एजंटांच्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात. खरेदीला 8 हजार, त्याहून जास्त नको, रेशमाच्या दुकानात तुमचा निर्धार मोडणारच आहे. बेरीज तुम्ही करून बघालच : 66,750.

उरतात 23,250. बाई, हे शिल्लक समजू नका. जोडीने गेलेल्याचं पाकीट हरवलं तर जोडीदाराचं असतं. एकटीला उसने मागायला चहावालाही ओळखीचा नसतो. दा नांगला माझं एक कार्ड चाललं नाही, दुसऱ्याला ओटीपी हवा होता, आणि ओटीपी येईना, कारण निघताना पैसे वाचवायला मी आपल्या सिमचं रोमिंग बंदच ठेवलं होतं. संध्याकाळचे सात, बँका बंद, हॉटेलवाली बाई सभ्यपणे वाट बघत उभी. ब्लाउजच्या आतल्या कप्प्यात शिवून ठेवलेली एक शंभराची नोट होती. बाथरूममध्ये जाऊन कात्री नसल्याने दाताने टाके तोडले. समोरच्या परवानाधारक दुकानात ती मोडली आणि रात्र निभावली. म्हणून तुमच्या चार नोटांतली एक अशी कुठे तरी शिवून टाका आणि ती नाहीच असं धरून चाला. शिवायला कच्चा दोरा घ्या. आपलं सिम फोनमध्ये रोमिंगसह चालू राहू द्या, इंटरनेट हवं तर ई-सिमवरून वापरा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पैशाचीच आहे. दिवाळीच्या सुमारास मध्य व्हिएतनामात पावसाळा ऐन भरात असतो आणि होई आनच्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं. तिथली खोली आधी पैसे भरून अडकवू नका, रद्द करता येईल अशीच घ्या, मग ती दोनशे रुपये महाग का असेना. पाणी चढलं तर दा नांगलाच राहा, किंवा सरळ सैगॉन गाठा.

आणि मुलाला सांगा, व्हिएतनाममध्ये आपलं यूपीआय चालेल या भरवशावर आईला पाठवू नकोस.

प्रश्न : काकू, मी मूळचा चिपळूणचा, पुण्यात नोकरी करतो, वय 27. एप्रिलमध्ये 12 दिवस एकटाच जपानला चाललोय. दीड लाख बजेट, तिकीट वेगळं. कोणी म्हणतं टीसीएस कापतील, कोणी म्हणतं येन रोखच न्यायचे. पुतण्या समजून सांगा.

उत्तर : पुतण्या म्हणालास तर अरेतुरेच करते. टीसीएसची, म्हणजे पैसे घेतानाच आगाऊ कापतात त्या कराची, काळजी सोड. 1 एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेले किंवा घेतलेले 10 लाख रुपये ओलांडल्यावर तो लागतो. कापला गेला तरी बुडत नाही, आयकरात वळता होतो. टूर कंपनीचं पॅकेज घेतलंस तर त्याचे नियम वेगळे, पण तू एकटा फिरणार आहेस.

जपानला डॉलर नेऊ नकोस. डॉलर घेताना एकदा कापून घ्यायचं आणि येन करताना दुसऱ्यांदा, हे व्हिएतनामला परवडतं कारण डाँग इथे बऱ्या भावात मिळत नाहीत. येन मिळतात. फॉरेक्स कार्डावरही येन भरता येतात, मग घासताना पुन्हा कापाकापी होत नाही. साठ टक्के कार्डावर, तीस-चाळीस हजारांचे येन रोख. 100 येन साठ रुपयांच्या आतबाहेर आहेत, तेवढंच डोक्यात ठेव. संपले तर सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातल्या एटीएमवर आपली कार्डं चालतात, तिथे इंग्रजीतही व्यवहार करता येतो. 3 जुलै 2024 पासून नव्या नोटा आल्यात, जुन्याही चालतात. गंमत अशी की रामेनच्या छोट्या दुकानांत दाराशी तिकिटाचं यंत्र असतं आणि त्यातली काही जुनी यंत्रं नव्या नोटा घेत नाहीत. हजाराच्या दोन जुन्या नोटा जवळ राहू देत.

एक नाण्यांची पिशवी ने, आजीच्या बटव्यासारखी. चेष्टा करत नाही. 500 येनचंही नाणंच आहे, म्हणजे आपले पावणेतीनशे-तीनशे रुपये, आणि ते खिशात खुळखुळत राहतं. पहिल्या चार दिवसांत तू प्रत्येक ठिकाणी नोट देशील आणि नाणी साठवशील. रोज रात्री मोज, थक्क होशील. ती संपवायची जागा म्हणजे रेल्वेचं रिचार्ज कार्ड. पर्यटकांसाठी वेलकम सुइका मिळतं, 28 दिवस चालतं, पण त्यात उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत जपून भर. टीप कुठेही ठेवू नकोस. विसरलात म्हणून धावत परत आणून देतील.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एकटी दुबईला गेले होते. 640 दिरहॅम आणि बरीच नाणी तशीच घरात पडून आहेत. यावर काही कारवाई होते का? विकता येतील का?
एक वाचक, नागपूर

उत्तर : घाबरू नका. परतल्यावर 180 दिवसांत चलन परत करावं लागतं ते 2,000 डॉलरच्या वरचं. त्याखालच्या नोटा तुम्ही पुढच्या प्रवासासाठी ठेवू शकता, आणि 640 दिरहॅम म्हणजे 175 डॉलरही होत नाहीत. विकायच्या असतील तर मूळ खरेदीची पावती शोधा आणि दोन-तीन ठिकाणी तोच प्रश्न विचारा, हातात किती पडतील? विकताना भाव कमीच मिळतो, त्यामुळे नातेवाइकांत कोणी दुबईला जाणार असेल तर त्यांना द्या, दोघांचाही फायदा.

नाण्यांवर कसलीच मर्यादा नाही आणि त्यांना कसलंच गिऱ्हाईकही नाही. आमच्या काउंटरवर नाणी आम्ही कधीच घेत नव्हतो, लोक चिडायचे. माझ्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सात देशांची नाणी आहेत. व्यापारचा डाव मांडला की नातू खेळातल्या कागदी नोटा बाजूला ठेवतो आणि भोक असलेली जपानी नाणीच मागतो. मी बँकर असते. मागच्या रविवारी त्याने मला विचारलं, "आजी, रेट काय?"